शहरात माणसं वाढली की गावच्या वावराचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या तरुणाचं गाव उमरेड रस्त्याच्या आत, नागपूरपासून तीसेक किलोमीटरवर. घरची सहा एकर काळी जमीन, एक विहीर, बाकी पावसावर. धुऱ्याला (बांधाला) लागून असलेलं वावर यंदा विकलं गेलं, तिथे मुरूम पडला, प्लॉटचे खांब उभे राहिले. तो विचारतो, 'बाहेरची माणसं नागपुरात येतात, मग जमीन आमच्या गावची का बदलते? बावाजी (वडील) म्हणतात विकायचं नाही, मोठा भाऊ म्हणतो आत्ताच विकू. आम्ही नेमकं काय पाहावं?'

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. एकतीस वर्षं नागपूर ग्रामीण, हिंगणा, कामठी, उमरेड आणि कुही तालुक्यांत मोजण्या केल्या. साखळी आणि फलक घेऊन सुरुवात केली, निवृत्त होताना हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र होतं. या काळात जी वावरं मोजली त्यातली कित्येक आज कॉलन्या आहेत. त्यामुळे या प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यायला माझं मन धजत नाही.

आधी शहरात येतं कोण, ते पाहू. नागपूर महापालिकेची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत साडेवीस लाख होती, 2011 मध्ये चोवीस लाख झाली. पण खरी गर्दी महापालिकेच्या हद्दीबाहेर झाली. वाडी, डिगडोह, वानाडोंगरी, बेसा, गोधनी ही काल-परवापर्यंत ग्रामपंचायतींची गावं. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आलेला माणूस सीताबर्डीत खोली घेऊ शकत नाही, तो कामाजवळच्या गावात राहतो. भंडारा, गोंदिया, यवतमाळचा येतो, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचा येतो, छत्तीसगडचे मजूर तर पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. गावातला शेतकरी गोठ्याच्या जागी पत्र्याच्या सहा खोल्या काढतो. हा पहिला बदल. तो गावठाणातच होतो आणि शेताला फारसा हात लावत नाही.

शेताला हात लावते ती दुसरी लाट. गडचिरोलीत नोकरी करणारा शिपाई, गोंदियाचा शिक्षक, एसटीचा वाहक, यांना मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात घर हवं असतं. शहरात फ्लॅट परवडत नाही, म्हणून आयुष्याच्या पुंजीतून ते 1500 चौरस फुटांचा प्लॉट घेतात. घेतात आणि ठेवतात. घर बांधायला दहा वर्षं लागतात, कधी पंधरा, कधी मुलगा पुण्याला निघून जातो आणि घर होतच नाही. या माणसांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या घामाचा पैसा आहे आणि त्यांच्यातले पुष्कळजण फसले आहेत. पण माणूस राहायला यायच्या कितीतरी आधी त्याचा पैसा वावरात येऊन पोचतो, हे आधी ध्यानात घ्या. तुमच्या गावात नवं घर एकही दिसत नाही आणि तरी जमीन बदलते आहे, त्याचं कारण हे.

आता हिशेब पाहा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. लेआउट पाडताना रस्ते जातात, दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, कोपरे वाया जातात. विकायला उरतं साधारण चोवीस-पंचवीस हजार फूट, म्हणजे दीड हजाराचे सोळा प्लॉट. समजा दर फुटाला फक्त 500 रुपये धरला, तरी 1500 चा एक प्लॉट साडेसात लाखांचा आणि एकराचे झाले एक कोटी वीस लाख. याच एकरात सोयाबीन सात क्विंटल झालं आणि 2024-25 चा 4892 रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला, तर हाती येतात चौतीस हजार. त्यातून बियाणं, फवारणी, निंदण, मळणी वजा करायची. दलाल शेतकऱ्याशी एकरात बोलतो आणि गिऱ्हाइकाशी फुटात बोलतो. मधला सगळा फरक त्या दोन मापांमध्ये असतो. मोठा भाऊ 'विकू' म्हणतो तेव्हा तो मूर्खपणा करत नाही, त्याला हे आकडे दिसतात. फक्त त्याला एकराचा आकडा सांगितला गेला आहे, फुटाचा त्याने स्वतः काढावा.

एकदा फुटाचा भाव कानावर आला की वावर पेरलेलं असूनही त्याचा वापर बदललेला असतो. मालक विहिरीचा गाळ काढत नाही. संत्र्याची नवी कलमं लावत नाही, कारण संत्रा धरायला पाच वर्षं लागतात आणि पाच वर्षांनी वावर आपलं राहील की नाही याची खात्री नसते. शेणखत बंद होतं. कापूस वेचायला बायका मिळत नाहीत, त्या एमआयडीसीच्या गाडीने पॅकिंगला जातात, म्हणून कापसाच्या जागी सोयाबीन येतं, कारण ते यंत्राने निघतं. मग एक वर्ष तेही नाही, नुसतं ठोक्याने (ठराविक रकमेवर दुसऱ्याला कसायला) दिलं. मग पडीक. सातबाऱ्यावर पीक असतं, मोक्यावर (प्रत्यक्ष जागेवर) गाजरगवत आणि बाभळी असतात. त्या पडकात रानडुकरं मुक्कामाला येतात, रोही (नीलगाई) येतात, आणि शेजारी जो अजून पेरतो आहे त्याचं पीक रात्रीतून साफ करतात. पेरणाऱ्याला विकायला भाग पाडणारी ही गोष्ट कोणत्याही विकास आराखड्यात लिहिलेली नसते.

शहरापासून लांबच्या गावांतही हा बदल पोचतो, आणि तो पोचवतो विकणारा शेतकरीच. बेसा-पिपळ्याकडे चार एकर विकलेला माणूस शेती सोडत नाही. तो त्या पैशात कुही, भिवापूरकडे पंधरा-वीस एकर घेतो. फेरफाराच्या नोंदी चाळताना मला हे वारंवार दिसलं: शहराकडचं आडनाव साठ किलोमीटरवरच्या सातबाऱ्यावर. तिथे त्या जमिनीवर कुणीतरी वर्षानुवर्षं बटईने (पिकाच्या वाट्यावर) करत असतो. त्याचं नाव कुठेच नसतं, म्हणून त्याला मोबदलाही नसतो. तो मग बिऱ्हाड उचलतो आणि नागपूरला येतो, वानाडोंगरीत खोली शोधतो. शहरात येणाऱ्या माणसामुळे जमीन विकली जाते आणि जमीन विकली गेल्यामुळे आणखी एक माणूस शहरात येतो. हे चक्र मी कागदावरून ओळखायला शिकलो, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्या नाव नसलेल्या माणसाचा होतो.

मोठे प्रकल्प हे चक्र जोरात फिरवतात. मिहान या विमानतळाजवळच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पासाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या बाजूच्या जमिनी गेल्या. समृद्धी महामार्ग हिंगण्याजवळ शिवमडक्यापासून निघतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा भाग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, पण त्याच्या कितीतरी आधी त्या पट्ट्यातले भाव हलले होते. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2017 मध्ये आलं. त्याच्या हद्दीत सातशेहून अधिक गावं येतात. त्या नकाशात तुमच्या वावराला पिवळा (निवासी) रंग आहे की हिरवा (शेतीचा), यावर भावात दुपटीचा फरक पडतो. म्हणून कोणाशीही बोलायच्या आधी झोन दाखला काढा. तो कागद तुमच्या हातात असला की दलालाची निम्मी भाषणं आपोआप बंद होतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. गावाची जमीन वावर विकल्याने जेवढी बदलते, त्याहून जास्त पांदण (शेतात जायची वाट) आणि नाला बुजल्याने बदलते.

एका गावात हद्द मोजणीला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. अर्जदार साठीच्या बाई, एकट्या, साडेतीन एकर. शेजारच्या लेआउटवाल्याने तारेचं कुंपण आत घेतलं असा त्यांचा अर्ज. सप्टेंबर संपत आला होता. मी दगड शोधत खालच्या अंगाला गेलो तर तिथली तूर पिवळी पडून वाळलेली, पंधरा-वीस ओळींचा पट्टा, आणि वरच्या अंगाची तूर छातीएवढी, हिरवीगार. बाई म्हणाल्या, 'दोन साल झाले साहेब, खालच्या अंगाची तूर उबळते. दवाई टाकून पाह्यली, बी बदलून पाह्यलं. दुकानवाला म्हनते, मातीतच मर बसली.' मी एक झाड उपटलं. ते सहज हातात आलं. मुळं काळी, मऊ झालेली, आणि मातीला कुबट वास. आठ दिवसांत पाऊस नव्हता, तरी वीतभर खाली चिखल होता.

गाव नकाशा उघडला. बाईंच्या वावराच्या खालून नाल्याच्या दोन रेघा जात होत्या. मोक्यावर नाला नव्हता. लेआउटमध्ये चार फूट मुरूम टाकून जागा सपाट केली होती आणि नाल्याच्या जागी दोन फुटी सिमेंटचा पाइप पुरला होता. उन्हाळ्यात पाहिलं तर कुणाला काही वाटणार नाही. पण पंधरा फूट रुंद नाल्याचं पाणी दोन फुटी पाइपातून जात नाही. ते मागे फुगतं आणि बाईंच्या वावरात तीन-तीन दिवस उभं राहतं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि तुरीच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. मर रोग नव्हताच तो. मी त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हनजे माह्या मातीले काही झालं नाही नं?' हे वाक्य मी विसरू शकत नाही. दोन वर्षं त्या बाई स्वतःच्या मातीला दोष देत होत्या.

मी त्यांना मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 सांगितला. त्याच्या कलम 5 खाली शेताचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. वकील लागतोच असं नाही, साधा अर्ज चालतो. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बाईंची मुदत केव्हाच उलटून गेली होती. दिवाणी कोर्टात जायची त्यांची ऐपत नव्हती. पुढच्या वर्षी खालचा दीड एकर त्यांनी त्याच लेआउटवाल्याला विकला, अर्थात 'पाणथळ जमीन' म्हणून पडत्या भावात.

पांदणीचंही असंच. आपल्याकडे पांदण ही बंडी (बैलगाडी) जाण्याची वाट. कित्येक पांदणींची नोंद गाव नकाशावर आहे, काहींची निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात आहे. हे दोन दस्त बाकीच्या महाराष्ट्रात फार कुणाला माहीत नसतात. मध्य प्रांताच्या काळापासून ते आपल्याकडे आले: गावाने कुठून जायचं, गुरं कुठे चारायची, पाणी कुठलं घ्यायचं, याची ती नोंद आहे. लेआउट पडला की पांदण प्लॉटमध्ये जाते किंवा लेआउटच्या गेटच्या आत जाते. मग तिच्या पलीकडच्या सहा शेतकऱ्यांना ट्रॅक्टर नेता येत नाही. हार्वेस्टर जात नाही, शेणखताची ट्रॉली जात नाही. वाट नसलेल्या वावराला गिऱ्हाईक एकच उरतं, वाट अडवणारा. गावातल्या एकाने विकलं आणि मागच्या सहांना विकावं लागलं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. त्या सहांपैकी कुणालाच विकायचं नव्हतं.

आखर (गावची गुरं गोळा होण्याची जागा), गायरान आणि झुडपी जंगल यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण झुडपीबद्दल एक सावधगिरी. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर 'झुडपी जंगल' लिहिलेली जमीन कायद्याने वन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात हे स्पष्ट केलं. तुमच्या शेजारच्या लेआउटचा पोचरस्ता जर झुडपीच्या तुकड्यातून दाखवला असेल, तर तो रस्ता आज कितीही रुंद दिसला तरी प्लॉट घेणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये.

शहर शेतीचं नुसतं नुकसानच करतं, असं मी म्हणत नाही. पाणी असलेल्या शेतकऱ्याला शहराइतका चांगला शेजारी नाही. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ज्यांच्याकडे विहिरीला बारमाही पाणी आहे ते पालक, सांभार (कोथिंबीर), वांगी, झेंडू करतात, पहाटे तीनला गाडी भरून कळमन्याला किंवा कॉटन मार्केटला पोचतात आणि दोन एकरांवर घर चालवतात. दुधाचंही तेच. ही शेती जमिनीच्या भावाशी पूर्ण स्पर्धा करू शकत नाही, पण घरातल्या माणसाला 'थांबू या' म्हणण्याइतकं बळ देते. तुमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर किती टिकतं हे मला माहीत असतं तर मी अर्धं उत्तर तेवढ्यावर दिलं असतं.

शहराला माणसांबरोबर दगड, मुरूम, रेती आणि पाणीही लागतं, आणि ते सगळं गावांतून येतं. नागपुरात गिट्टीखदान नावाची भरवस्ती आहे. एकेकाळी शहराच्या बाहेर असलेली खदान आज शहराच्या पोटात आहे, आणि खदानी पुढे सरकल्या आहेत. पेंचचं तोतलाडोहचं पाणी नागपूरच्या नळाला येतं, तितकं ते रामटेक, मौद्याच्या धानाच्या बांध्यांना कमी पडतं. आणि नळातून गेलेलं पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. शहरात एक माणूस वाढला की त्याचा हिशेब भंडाऱ्यातल्या मासेमारालाही द्यावा लागतो.

ज्या गावातून माणूस उठून आला तिथेही जमीन बदलते. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं, चार नागपूर-पुण्याला, एक गावात. विहीर खोदायला कर्ज काढायचं तर पाचही सह्या हव्यात. बांध फुटला तर दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा यावर वाद. म्हणून जमीन दरवर्षी ठोक्याने जाते, आणि ठोक्याने घेणारा माणूस एका हंगामापलीकडचा विचार करू शकत नाही. पूर्वेकडे मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचे पाट कोरडे पडण्यामागेही हे एक कारण आहे. पाट साफ करायला गावातले हात लागतात आणि ते हात आता नागपुरात सेंट्रिंग बांधतात.

आता तुमच्या सहा एकरांविषयी.

वडील आणि भाऊ यांच्या वादात 'विकायचं की नाही' हा प्रश्न मी सर्वात शेवटी ठेवीन. आधी तहसीलदाराकडून वाटणी करून घ्या, प्रत्येकाचा सातबारा वेगळा होऊ द्या. सामाईक जमिनीत एका भावाने केलेलं इसारपत्र सगळ्यांच्या गळ्यात येतं, आणि कुलमुखत्यारपत्रावर तर कधीच सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असो. वाटणीत विहीर आणि पांदणीकडची बाजू ज्याला शेती करायची आहे त्याला मिळू द्या. सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग 2 (शर्तीवर धारण केलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर नियम आणखी कडक आहेत.

शिवाय विदर्भात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर 1958 च्या विदर्भ कुळकायद्याचं बंधन आहे. म्हणून मंजुरी नसलेल्या लेआउटमध्ये प्लॉट कागदोपत्री अर्धवट राहतात. नागपूरकरांना '572' आणि '1900' हे आकडे तोंडपाठ आहेत. गुंठेवारीतल्या अनधिकृत लेआउटचे हे आकडे, ज्यांच्या नियमितीकरणासाठी लोकांच्या आयुष्याची वर्षं गेली. शेजारच्या वावरात जे पडलं आहे त्याला मंजुरी आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मंजूर नकाशा मागा. त्यात नाला आणि पांदण कुठे दाखवली आहे ते पाहा. मंजूर नकाशात नाला असेल आणि मोक्यावर नसेल, तर तुमचं म्हणणं निम्मं सिद्ध झालं.

ग्रामसभेत एकच ठराव आधी घ्या: गावातल्या सगळ्या पांदणींची मोजणी आणि हद्दीचे दगड. एकट्या शेतकऱ्याने मागितलेली मोजणी भांडणाची होते, गावाने मागितलेली नोंदीची होते. गावातले जुने लोक आज बोट दाखवून सांगू शकतात की बंडी इथून जायची. दहा वर्षांनी ते नसतील.

आणि हे काम मे महिन्यात करा, मृग लागायच्या आधी. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या, वडिलांना सोबत घ्या आणि तुमच्या वावरापासून नाल्याच्या काठाने खाली तो पुढच्या नाल्याला मिळतो तिथपर्यंत चालत जा. कुठे पाइप पुरलाय, कुठे मुरूम टाकलाय, कुठे कुंपण आत आलंय, त्याचे फोटो काढा, फोटोत एखादं ओळखीचं झाड किंवा विहीर येऊ द्या. अडथळा दिसला तर तहसीलमध्ये अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. तुमच्या धुऱ्याला मुरूम यंदाच पडला आहे असं तुम्ही लिहिता. सहा महिने तुम्हाला कळलं त्या दिवसापासून धरले जातील असं समजून बसू नका. मुरमाची पहिली ट्रॉली कोणत्या तारखेला आली ते वडिलांना विचारा आणि आजच वहीत लिहून ठेवा.